चित्र दान करायचं म्हणजे नक्की काय करायचं

म्युझियममध्ये गेले की मी पाटी खालून वर वाचते. चित्रकार कोण, साल कुठलं, तैलरंग की जलरंग हे सगळं नंतर, आधी ती शेवटची बारीक अक्षरातली ओळ, हे इथे आलं कसं ते सांगणारी. कुणी भेट दिलंय, कुणाच्या मृत्युपत्रातून आलंय, की विकत घेतलंय. मामा चित्रकार होता, तो गेल्यावर त्याची चित्रं कुठे द्यायची हा विषय घरात सुरू झाला तेव्हापासून ही सवय लागलीये. आणि त्या ओळी वाचत फिरायला लागलं की हळूहळू एक गोष्ट कळत जाते, की आपण ज्याला अमुक म्युझियमचा संग्रह म्हणतो तो खरं तर काही मोजक्या घरांचा संग्रह असतो, त्या घरातल्या कुणाला काय आवडलं, कुणाकडे किती पैसे होते आणि मागे राहिलेल्यांनी ते सगळं कसं सांभाळलं यावर तो उभा असतो.

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या, आमच्या आईच्या तोंडी अजून प्रिन्स ऑफ वेल्सच. त्याची पायाभरणी झाली ११ नोव्हेंबर १९०५ ला, पुढे पाचवे जॉर्ज म्हणून राजे झाले त्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते. जागा सरकारने दिली, पण पैसे शहरातल्या लोकांनीही घातले, सर करीमभाई इब्राहिम यांनी ३ लाख रुपये, सर कावसजी जहांगीर यांनी ५० हजार, त्या काळातले ३ लाख म्हणजे काय रक्कम असेल विचार करा. जॉर्ज विटेटने आराखडा केला, इमारत १९१४ ला तयार झाली, तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं आणि तिथे लष्करी हॉस्पिटल थाटलं गेलं. लोकांसाठी दारं उघडली १० जानेवारी १९२२ ला. म्हणजे घुमटापासून खांबांपर्यंत सगळं तयार होतं, पण आत ठेवायचं काय? १९१५ मध्ये शेठ पुरुषोत्तम मावजींचा संग्रह विकत घेतला होता, तो पाया. आणि मग आले टाटा.

सर रतन टाटा, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ मध्ये गेले, वय अवघं ४७. त्यांनी जमवलेला कलासंग्रह १९२१ मध्ये म्युझियमकडे आला. थोरले भाऊ सर दोराबजी १९३२ मध्ये गेले, त्यांचा संग्रह १९३३ मध्ये आला. आज तुम्ही तिथे वरच्या मजल्यांवर चिनी जेडच्या कोरीव वस्तू बघता, तपकिरीच्या इवल्या इवल्या बाटल्या बघता, चिनी-जपानी पोर्सेलिन बघता, युरोपियन तैलचित्रं बघता, त्यातलं बरंचसं या दोन भावांच्या घरातून आलेलं आहे. डोंबिवलीहून लोकलने आलेल्या शाळेच्या मुलांना चीनमधल्या कारागिराने दगडात कोरलेलं पान हातभर अंतरावरून बघायला मिळतं कारण शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या एका माणसाला जेड आवडायचा आणि तो त्याच्यामागे शहराला मिळाला. मला हे फार मोठं वाटतं. कुठल्याही समितीने बसून ठरवलं नव्हतं की मुंबईत पूर्व आशियातल्या कलेचं दालन हवं. ते झालं ते भेटीमुळे.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती फारशी कुणी बोलत नाही. भेटींवर वाढलेल्या संग्रहात देणाऱ्यांची आवड येते तशीच देणाऱ्यांची नावडही येते. त्यांनी जे घेतलं नाही ते म्युझियममध्ये नाही. ज्यांच्या घरच्यांना द्यायचं सुचलं नाही, परवडलं नाही, कुणाला विचारायचं ते कळलं नाही, त्यांचं काम तिथे नाही. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडलेले, गावोगावच्या शाळांत ड्रॉईंग मास्तर म्हणून उभं आयुष्य काढलेले आणि सुट्टीच्या दिवशी नदीकाठी बसून उत्तम जलरंग करणारे किती लोक होऊन गेले. त्यांची चित्रं कुठे आहेत? माळ्यावर. पलंगाखाली ट्रंकेत.

मधल्या काळात हे चित्र थोडं बदलवणारी माणसं होऊन गेली. कार्ल खंडालावाला मोठे वकील, गाजलेल्या नानावटी खून खटल्यात बचावाच्या बाजूने उभे राहिलेले, पण त्याच वेळी लघुचित्रांचे असे अभ्यासक की त्यांच्या मताला जगभर वजन होतं. या म्युझियमच्या विश्वस्त मंडळाचे ते अध्यक्ष होते आणि त्यांचा आणि मेहेरबाईंचा संग्रह म्युझियमला मिळाला, त्यांच्या नावाचं दालन आहे. इथे देणारा स्वतः जाणकार होता, काय देतोय हे त्याला घेणाऱ्याइतकंच कळत होतं. अशी भेट मिळणं म्हणजे म्युझियमचं भाग्य, कारण वस्तूबरोबर तिचा अभ्यासही घरात येतो.

जहांगीर निकल्सन यांची गोष्ट वेगळी. कापसाचे व्यापारी, मुंबईचे शेरीफही होते. १९६८ मध्ये त्यांनी शरद वायकूळ यांचं एक चित्र घेतलं आणि तिथून जे सुरू झालं ते थेट आठशेच्या आसपास कलाकृतींपर्यंत गेलं, सगळी स्वातंत्र्यानंतरची भारतीय कला, म्हणजे ज्या वेळी हे चित्रकार हयात होते, धडपडत होते, त्या वेळी विकत घेतलेली. मुंबईतल्या एनसीपीए या कलाकेंद्रात १९७६ पासून त्यांच्या नावाची गॅलरी होती. या सगळ्याचं कायमचं म्युझियम व्हावं ही त्यांची इच्छा, पण ते २००१ मध्ये गेले तेव्हा ते झालेलं नव्हतं. मग त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने २००८ मध्ये शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी करार केला आणि २०११ मध्ये तिथे गॅलरी सुरू झाली. ही सरळ भेट नाही, दोन संस्थांनी मिळून केलेली व्यवस्था आहे, चित्रं फाउंडेशनची, जागा म्युझियमची. पण परिणाम बघा, जिथे प्राचीन मूर्ती आणि लघुचित्रं होती त्याच छपराखाली एकदम हुसेन, गायतोंडे, लक्ष्मण श्रेष्ठ अशा आधुनिक चित्रकारांची कामं येऊन बसली. म्युझियमला स्वतःच्या पैशाने आज हे सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर शक्य नाही, गायतोंडेंच्या एकेका कॅनव्हासचे लिलावातले आकडे पेपरात येतात ते आपण वाचतोच.

आणि पुण्यात तर आख्खं म्युझियमच एका माणसाने दिलेलं आहे. दिनकर केळकर, 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहायचे, चष्म्याचा धंदा. १९२० च्या आसपास जुन्या वस्तू जमवायला लागले आणि गावोगाव फिरून त्यांनी काय आणलं तर अडकित्ते, वज्री, दिवे, समया, नक्षीचे दरवाजे, वाद्यं, चित्रकथीची चित्रं. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. वीस हजारांवर वस्तू आहेत, त्यातल्या साधारण अडीच हजार मांडलेल्या, बाकी आत. मला केळकरांचं मोठेपण यात वाटतं की त्यांनी कुणीच ज्याला कला म्हणत नव्हतं ते उचललं. ज्या वज्रीने आजी टाच घासायची तिच्यावर मोर कुणी आणि का घडवला असेल हा प्रश्न त्यांना पडला म्हणून आज आपल्याला तो मोर बघायला मिळतो. नाहीतर ती वज्री मोडीत जाऊन वितळली असती.

गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका यांचंही इथे आठवतं. शांतिनिकेतनात शिकलेले, पण राहिले पुण्यात, आणि त्यांनी मेरीला साडी नेसवली, ख्रिस्ताच्या गोष्टी इथल्या मातीत रंगवल्या. १९६७ मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नीने ती चित्रं वर्षानुवर्षं सांभाळली आणि गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चच्या स्वाधीन केली, म्हणून आज कुणालाही त्यावर अभ्यास करता येतो. अशा कितीतरी गोष्टींत मधला दुवा म्हणजे मागे राहिलेली बाई असते. तिने ते पुठ्ठ्यात गुंडाळून, वाळवीपासून जपून ठेवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्या घरातही तेच, मामी.

मामा जे. जे. चा जी. डी. आर्ट, म्हणजे चित्रकलेचा डिप्लोमा केलेला, नोकरी मिरजेत शाळेत, शेवटपर्यंत. कृष्णाघाट, बाजार, जुने वाडे, वारीची गर्दी, सगळं जलरंगात, बरंचसं जागेवर बसून केलेलं. तो गेल्यावर चित्रं माळ्यावर तशीच होती आणि घर पाडून बिल्डिंग बांधायचं ठरलं तेव्हा मामीने मला फोन केला, "अगं, हे सगळं कुठे ठेवू सांग मला, मुलं म्हणतात फोटो काढून ठेव आणि दे टाकून." मुलांनाही दोष नाही, एक कॅनडात, एक बंगळुरात टू बीएचकेमध्ये, इम्पीरियल साईजची, म्हणजे चांगली मोठी चित्रं लावणार कुठे. मग मी चौकशी सुरू केली, फोन केले, फोटोसकट पत्रं पाठवली आणि एका म्युझियमच्या क्युरेटर, म्हणजे तिथला संग्रह बघणाऱ्या बाईंनी सांगितलं की येऊन बघते. नाव देत नाही कारण अजून सगळे कागद पूर्ण झालेले नाहीत.

त्या आल्या आणि त्यांनी चित्रांची पुढची बाजू बघायच्या आधी मागची बाजू बघितली. प्रत्येक चित्र उलटं करून. मागे काय लिहिलंय, कुठल्या प्रदर्शनाचं लेबल आहे का, फ्रेमवाल्याचा शिक्का आहे का. एकाच्या मागे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची अर्धी फाटलेली चिठ्ठी निघाली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. मग कागद. कडेला कुठे सेलोटेप लावलाय, त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरलाय, कुठे बुरशीचे तपकिरी ठिपके, कुठे हार्डबोर्डला चिकटवल्यामुळे कागद तपकिरी पडलाय. सगळं वहीत टिपून घेतलं, याला ते कंडिशन रिपोर्ट म्हणतात. आणि मग त्या मामीला म्हणाल्या, "काकू, आम्हाला सगळी नाही घेता येणार." मामीचा चेहरा पडला, माझाही.

पण त्यांनी समजावून सांगितलं ते मला पटलं आणि मी ते इथे मुद्दाम लिहितेय कारण खूप लोक इथेच नाराज होऊन परत जातात. म्युझियमने एक चित्र घेतलं की ते कायमचं सांभाळायचं असतं, त्याला जागा, ठराविक तापमान, ठराविक दमटपणा, किडीपासून राखण, फोटो, नोंदी, आणि हे सगळं करणारी माणसं लागतात. जिथे ही सगळी सोय नाही तिथे हो म्हणणं म्हणजे आमच्या माळ्यावरून त्यांच्या माळ्यावर हलवणं. आणि ज्या म्युझियमला आपल्याकडे काय कमी आहे हे माहीत असतं ते त्या जागेसाठी शोधत असतं, आधीच जे पन्नास नग आहेत त्यात एक्कावन्नावं कशाला घेईल. शिवाय निर्णय एकट्या क्युरेटरचा नसतो, ती शिफारस करते, मग समितीपुढे, विश्वस्तांपुढे जातं. त्यामुळे नाही आलं तर ते चित्राला वाईट म्हणणं नसतं.

आता खरी गोष्ट. एक चित्र होतं ज्याच्याकडे मी लहानपणापासून भोपळ्यांचं चित्र म्हणून बघत आले. अंधारी खोली, छपराला दोऱ्यांनी टांगलेले मोठाले भोपळे, एका कोपऱ्यातून तिरपा उजेड. क्युरेटरनी विचारलं हे काय आहे. मी म्हणाले स्टिल लाईफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र. मामी आतून चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "स्टिल लाईफ कुठलं, सतारमेकर गल्लीतलं आहे ते." आणि मग तिने सांगितलं की हे भोपळे पंढरपूरच्या बाजूने यायचे, असे टांगून सुकवायचे, मग कापून त्याचे तंबोरे व्हायचे, हे अमुक कारखानदारांच्या मागच्या खोलीत बसून काढलंय, तिथे त्यांच्याकडे मामाचं जाणंयेणं होतं, उजेड येतोय ती खिडकी नंतर बुजवली, आणि हे २००५ च्या पुराच्या आदल्या उन्हाळ्यातलं आहे, कारण त्या दुपारी उन्हाचा इतका तडाखा होता की रंग ब्रशवरच वाळत होता आणि मामा चिडून घरी आला होता. क्युरेटरनी पेन काढलं आणि म्हणाल्या, काकू, पुन्हा सुरुवातीपासून सांगा, आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवला.

मिरजेची सतार आणि तंबोरा कुठे कुठे पोचलेत हे संगीतातल्या माणसाला सांगायला नको. त्या कामाची आतली खोली, भोपळा अजून वाद्य झालेला नाही त्या अवस्थेतली, त्या गावात राहणाऱ्या चित्रकाराने जागेवर बसून रंगवलेली. तेच चित्र. अर्ध्या तासापूर्वी ते 'भोपळे, जलरंग, साल माहीत नाही' होतं. मामी बोलली नसती किंवा मामीला आठवत नसतं किंवा मामीच नसती तर ते तसंच राहिलं असतं आणि बहुतेक नाकारलं गेलं असतं. म्युझियमला चित्राइतकीच ही माहिती हवी असते, ते तिला प्रोव्हेनन्स म्हणतात, चित्र कुठे झालं, कुणाकडून कुणाकडे गेलं, मधे कुठे होतं याची साखळी. चोरीचा किंवा तस्करीचा माल नाही ना हे त्यातूनच कळतं, पण आमच्यासारख्या घरांसाठी त्याचा दुसरा उपयोग जास्त आहे. ड्रॉईंग मास्तरच्या चित्राला लिलावात भाव नसतो, त्याची जी किंमत आहे ती त्याच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट कागदावर आली तरच.

त्या दिवसापासून मी आणि मामी रोज संध्याकाळी फोनवर एकेक चित्र घेऊन बसलो. मी स्क्रीनवर फोटो बघायचे, ती समोर मूळ चित्र ठेवून सांगायची. कधीकधी ती नुसतीच गप्प व्हायची आणि म्हणायची उद्या बोलू.

कायद्याच्या बाजूचंही थोडं सांगते कारण हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वस्तू शंभर वर्षांच्या वरची असेल तर तिला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं आहे. म्हणजे आजोबांची जुनी पितळी मूर्ती देणार असाल तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी आहे का हा प्रश्न आधी येणार, आणि देशाबाहेर तर ती नेताच येत नाही. चित्रकारांमध्ये रवी वर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, नंदलाल बोस, जामिनी रॉय वगैरे नऊ नावं राष्ट्रीय कलासंपत्ती म्हणून जाहीर आहेत, त्यांचंही काम बाहेर जाऊ शकत नाही. मामाची चित्रं यात कुठेच बसत नाहीत त्यामुळे आमचं काम सोपं होतं.

मग बक्षीसपत्र, गिफ्ट डीड. यात मालकी पूर्णपणे म्युझियमकडे जाते. पण कॉपीराइट जात नाही! हे मला अजिबात माहीत नव्हतं. आपल्या कायद्याने चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट वारसांकडे राहतो, म्हणजे म्युझियमने उद्या कॅटलॉग छापायचा, पोस्टकार्ड काढायचं किंवा वेबसाईटवर चित्र टाकायचं म्हटलं तर परवानगी वारसांची, आणि ती वेगळी लिहून द्यावी लागते. आमच्या दोन्ही भावांच्या सह्या त्यासाठीच अडल्या आहेत, बंगळुरूची आली, कॅनडाची यायचीय.

मामीची एक अट होती, की ही चित्रं कायम भिंतीवर लावलेली हवीत, कपाटात बंद नकोत. मला ती अट अगदी रास्त वाटली होती. क्युरेटर म्हणाल्या, काकू, असं केलं तर काही वर्षांत चित्रच उरणार नाही. जलरंगाला उजेड मारतो. त्याला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड देत नाहीत, म्हणजे बऱ्यापैकी अंधुक, आणि तेही काही महिने लावायचं, मग काढून अंधारात विश्रांतीला ठेवायचं. मामाने जो निळा वापरलाय आकाशासाठी तो टिकायचा असेल तर बंद कपाट हाच त्याचा आधार. मामी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली अट काढून टाका. अटींपायी मोठमोठी म्युझियमं अडकून पडली आहेत. बॉस्टनमध्ये स्वतःचं म्युझियम उभारणाऱ्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर बाईंनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं की मांडणीत काही बदलायचं नाही, १९९० मध्ये तिथून १३ कलाकृती चोरीला गेल्या आणि आजही त्या जागी रिकाम्या फ्रेमा लटकलेल्या आहेत. त्या बाईंनी सगळं प्रेमानेच लिहिलं असणार.

शेवटी पाच चित्रं निवडली गेली, त्यात भोपळे आहेत, कृष्णाघाटाची दोन आहेत आणि ते सोसायटीच्या चिठ्ठीवालं. ती आधी वेगळ्या खोलीत ठेवली, कीड किंवा बुरशी असेल तर बाकीच्या संग्रहाला लागू नये म्हणून. मग नोंदवहीत नंबर, ॲक्सेशन नंबर. मी तो घालताना बघितला. वस्तू असेल, म्हणजे मूर्ती किंवा भांडं, तर आधी रेझिनचा एक पारदर्शक थर देतात, तो सुकला की त्यावर शाईने बारीक नंबर, वर पुन्हा थर, म्हणजे कधी पुसायची वेळ आली तर वस्तूला धक्का न लागता निघतो. कागदाला मात्र फक्त मऊ पेन्सिल, मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, कागदावर उमटणार नाही इतक्या हलक्या हाताने. पहिला आकडा वर्षाचा, मग टिंब, मग अनुक्रमांक. तो नंबर घालणारा मुलगा विशीतला असेल, त्याने श्वास रोखून लिहिलं आणि मग तिरप्या उजेडात पुढच्या बाजूने बघितलं, कुठे दाब उठलाय का. मामाच्या कागदाला इतक्या काळजीने हात लागताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला भरून आलं.

आता एक मनापासूनची तक्रार, कुणा एकाबद्दल नाही, व्यवस्थेबद्दल. आपल्याकडे देणगीवर आयकरात सूट मिळते ती पैशाच्या देणगीला, वस्तूच्या नाही. तुम्ही म्युझियमला चेक दिला तर सूट मिळू शकते, पण त्याच किमतीचं चित्र दिलं तर शून्य. फ्रान्समध्ये १९६८ पासून वारसा कर पैशाऐवजी कलाकृती देऊन भरता येतो, पॅरिसचं पिकासो म्युझियम त्याच कायद्यामुळे उभं राहिलं, वारसांनी कराच्या बदल्यात चित्रं दिली, १९८५ मध्ये ते उघडलं. आपल्याकडे वारसा करच नाही त्यामुळे तसंच्या तसं इथे चालणार नाही हे कळतं. पण ज्यांच्या घरी खरोखर मोलाचं काही आहे आणि लिलाववाले दारात उभे आहेत त्यांच्यासाठी सरकारने काहीतरी करायला हवं. टाटांनी दिलं, खंडालावालांनी दिलं, केळकरांनी तर सगळंच दिलं, सगळे काही असे नसतात आणि तशी अपेक्षाही करू नये. निदान जो देतोय त्याला पॅकिंगचा आणि टेम्पोचा खर्च तरी स्वतःच्या खिशातून पडू नये.

उरलेल्या चित्रांचं सांगायचं राहिलं. काही नातेवाईकांनी घेतली, पण घेताना प्रत्येकाला मामीने सांगितलेली माहिती टाईप करून प्रिंट दिली, फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवायला. काही शाळेला दिली, जिथे मामाने आयुष्यभर शिकवलं. शाळेने मोठ्या आनंदाने लावली, पण लावली ती पश्चिमेच्या व्हरांड्यात, दुपारचं ऊन सरळ भिंतीवर. मामी रिक्षा करून गेली, मुख्याध्यापकांना भेटली आणि त्यांना ५० लक्स म्हणजे काय ते समजावून सांगून आली. आता चित्रं लायब्ररीत आहेत, आतल्या भिंतीला.

मामाने आयुष्यात बरीच चित्रं विकली, भेट दिली, कुणाच्या लग्नात, कुणाच्या वास्तुशांतीला, त्याची नोंद कुठेच नाही. मिरज, सांगली, कुपवाड, जयसिंगपूर या भागात कुणाच्या घरी शाळेतल्या ड्रॉईंगच्या सरांनी दिलेलं नदीचं किंवा वाड्याचं जलरंगातलं चित्र असेल, खाली उजव्या कोपऱ्यात देवनागरी सही आणि सहीखाली एक आडवी रेघ, तर मला कळवा. चित्र नकोय, ते तुमचंच आहे. पुढचा एक फोटो आणि मागच्या बाजूचा एक फोटो पाठवा, आणि ते तुमच्याकडे कधी आणि कशाच्या निमित्ताने आलं ते आठवत असेल तर दोन ओळी. क्युरेटर बाई म्हणाल्या आहेत की आम्ही यादी केली तर ती पाच चित्रांबरोबर फाईलला लावतील.